माहितीची वाट मोकळी असावी, बेवारस नसावी

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि मुंबई-ठाण्यातील हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. प्रारंभी खात्यातून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. निवृत्तांची पुंजी, मुलीच्या विवाहासाठी साठविलेली रक्कम, गृहनिर्माण सोसायट्यांचा देखभाल निधी, छोट्या दुकानदारांचे खेळते भांडवल, सारेच अडकून पडले. एका बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे वीस हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या पडद्याआड लपविली गेल्याचे उघड झाले. आठवडाभरातच बँकेच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला आणि त्यापाठोपाठ सक्तवसुली संचालनालय, म्हणजे ईडी, तपासात उतरले. माहिती आधी नियामकाकडे, मग पोलिसांकडे, मग ईडीकडे अशी गेली. त्या वेळी ठेवीदारांच्या मनात एकच प्रश्न होता : ही माहिती इतक्या उशिरा का पोहोचली?

हा प्रश्न रास्त होता आणि तो नवाही नव्हता. १९९२ चा रोखे घोटाळा आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत झालेले बॉम्बस्फोट यांनी देशाला एक कटू धडा दिला होता. तस्करी, हवाला, गुन्हेगारी टोळ्या आणि त्यांना अभय देणारे सत्ताधारी वर्तुळ यांचे धागे तपासण्यासाठी तत्कालीन गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली जुलै १९९३ मध्ये समिती नेमण्यात आली. गुप्तवार्ता विभाग, सीबीआय, महसूल खात्याच्या यंत्रणा यांच्यापैकी प्रत्येकाकडे माहितीचा काही ना काही तुकडा आहे. मात्र हे तुकडे एकत्र जोडणारी व्यवस्था नाही, हे त्या समितीने स्पष्टपणे मांडले. तिचा अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्ये तयार झाला आणि संसदेपुढे येण्यास १९९५ चा ऑगस्ट उजाडला. या विलंबातही एक बोध आहेच.

त्यानंतरच्या काळात राज्यसंस्थेने हे तुकडे जोडण्याची दिशा धरली. २००३ मध्ये कंपन्यांतील गंभीर घोटाळ्यांच्या तपासासाठी एसएफआयओ हे कार्यालय स्थापन झाले. २००४ मध्ये संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करणारी वित्तीय गुप्तवार्ता शाखा उभी राहिली. १ जुलै २००५ पासून मनी लॉन्डरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २१२ ने एसएफआयओ, पोलीस आणि प्राप्तिकर खाते यांच्यात माहितीची दुहेरी देवाणघेवाण बंधनकारक केली. २०१९ मध्ये मनी लॉन्डरिंग कायद्याच्या कलम ६६ मध्ये भर घालून, अन्य कायद्याचा भंग दिसल्यास ईडीने संबंधित यंत्रणेला माहिती दिलीच पाहिजे असे ठरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये या कलमाखालील यंत्रणांच्या यादीत पंधरा नावांची भर पडून ती संख्या पंचवीसवर गेली; त्यात एसएफआयओ, राष्ट्रीय तपास संस्था, स्पर्धा आयोग, राज्य पोलीस अशांचा समावेश झाला. जुलै २०२३ मध्ये वस्तू व सेवा कराचे संगणकीय जाळे सांभाळणारी जीएसटीएन ही संस्थाही त्या यादीत आली.

ही दिशा योग्यच होय. आर्थिक गुन्हेगार खात्यांच्या हद्दी पाळत नाही. मग त्याचा माग काढणाऱ्यांनी त्या का पाळाव्यात? तथापि वाट मोकळी करणे हे अर्धेच काम आहे. त्या वाटेवरून काय गेले, कोणी पाठविले, कोणत्या अधिकाराने, कशासाठी, आणि त्याचा पुढे काय उपयोग झाला, याचा हिशेब ठेवणे हे उरलेले अर्धे. आपल्याकडे या उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाले आहे. त्याची किंमत प्रामाणिक उद्योजकाला मोजावी लागते हे तर खरेच. पण खरा गुन्हेगार सुटण्याची शक्यताही त्यामुळेच वाढते, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

दोन अधिकारी, दोन धर्म

नियामक आणि पोलीस यांच्या कार्यात मूलभूत भेद आहे. रिझर्व्ह बँक, सेबी, कंपनी निबंधक किंवा करखाते यांचे काम व्यवहार सुरळीत ठेवण्याचे. त्यासाठी ते माहिती मागतात आणि ती देणे कायद्याने सक्तीचे असते. चाकण वा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक विवरणपत्रे भरतो, लेखापरीक्षकासमोर वह्या उघडतो, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देतो, कारण उत्तर न देणे हाच दंडनीय अपराध असतो. पोलिसांपुढे उभा केलेला मनुष्य मात्र आरोपी असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) नुसार त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही. हे संरक्षण इंग्रजी अमदानीतील साक्षी पुराव्याच्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे.

आता नियामकापुढे सक्तीने दिलेले उत्तर पोलिसांच्या आरोपपत्रात जाऊन बसले तर काय? घटनेने पुढच्या दाराला लावलेले कुलूप मागच्या दाराने निरुपयोगी ठरते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९६० मध्येच, मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयावरील अपिलाच्या निमित्ताने आला होता. कंपनीच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या निरीक्षकाने कंपनीच्या व्यवस्थापकास शपथेवर उत्तरे देण्यास भाग पाडावे काय, असा तो वाद. ही चौकशी केवळ माहिती गोळा करण्यासाठी आहे, त्या टप्प्यावर कोणावरही औपचारिक आरोप नाही, म्हणून अनुच्छेद २० (३) लागू होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्या काळी तो तर्कसंगत होता. निरीक्षक अहवाल देई, सरकार त्यावर विचार करी आणि खटला झालाच तर तो पुष्कळ पुढची गोष्ट असे. आज ते अंतर मिटले आहे. उत्तर दिल्याच्या सायंकाळी ते दुसऱ्या यंत्रणेच्या पडद्यावर दिसू शकते.

हाच प्रश्न ब्रिटनमध्ये एका गाजलेल्या प्रकरणात निराळ्या रीतीने सुटला. १९८६ मध्ये गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीने डिस्टिलर्स ही कंपनी ताब्यात घेतली. त्या व्यवहारात समभागांचे भाव कृत्रिमरीत्या फुगविल्याच्या संशयावरून व्यापार व उद्योग खात्याने निरीक्षक नेमले. कंपनीचे प्रमुख अर्नेस्ट साँडर्स यांना त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देणे भाग होते. नकार दिल्यास न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा होती. या उत्तरांच्या नोंदी पोलीस व अभियोग विभागाकडे गेल्या, खटल्यात ज्यूरींपुढे वाचल्या गेल्या आणि १९९० मध्ये साँडर्स दोषी ठरले. १७ डिसेंबर १९९६ रोजी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की, सक्तीने घेतलेल्या उत्तरांचा फौजदारी खटल्यात असा वापर हा न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग होय. निरीक्षकांनी चौकशी करू नये, असे न्यायालयाने म्हटले नाही. माहिती पोलिसांना द्यावयाचीच नाही, असेही म्हटले नाही. आक्षेप होता तो ती उत्तरे त्याच व्यक्तीविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यास. १९९९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा बदलला. तेथील नियामकांचे दात त्यामुळे पडले नाहीत. कागदपत्रे पूर्वीप्रमाणेच मिळतात. केवळ सक्तीच्या तोंडी उत्तरांना मर्यादा आली.

आपल्याकडे मनी लॉन्डरिंग कायद्याच्या कलम ५० खाली ईडीच्या अधिकाऱ्यापुढे सत्य सांगण्याची सक्ती आहे. २७ जुलै २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी खटल्यातील निकालाने ईडीचे अधिकारी हे पोलीस अधिकारी नव्हेत आणि असे जबाब ग्राह्य आहेत असे ठरविले; मात्र अटकेनंतरच्या जबाबाला घटनेचे संरक्षण लागू होऊ शकते, असेही सूचित केले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. एका प्रकरणात ईडीच्या कोठडीत असलेल्या व्यक्तीने त्याच यंत्रणेला दुसऱ्या प्रकरणात दिलेला जबाब तिच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असा निर्णय दिला. याचा अर्थ एवढाच की, कोणता जबाब कोणत्या टप्प्यावर आणि कोणापुढे झाला, यावर त्याचे मूल्य ठरते. ज्या देवाणघेवाणीत हा टप्पा नोंदविलेलाच नसतो, तेथे संपूर्ण खटल्याचा पाया डळमळीत राहतो.

तीन साक्षी की एकाच साक्षीच्या तीन प्रती?

कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांच्या वार्तेविषयी एक सूक्ष्म नियम सांगितला आहे. परस्परांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची वार्ता जुळली तरच ती विश्वसनीय मानावी, असा त्याचा आशय आहे. तिन्ही वार्ता स्वतंत्र असणे हा या नियमाचा प्राण आहे. आज नियामक एका संशयाची टिपणी तयार करतो. ती ईडीकडे जाते, तेथून सीबीआयकडे आणि प्राप्तिकर खात्याकडे. सहा महिन्यांनी चार खात्यांच्या चार फायली एकमेकींचा दाखला देतात आणि वरिष्ठ अधिकाऱ्याला वाटते की, चार यंत्रणांनी स्वतंत्रपणे एकच निष्कर्ष काढला आहे. वस्तुतः तो एकच संशय असतो, त्याची फक्त छायाचित्रे वाढलेली असतात. मूळ टिपणीत चूक असेल तर तीही चौपट झालेली असते.

ही भीती काल्पनिक नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांनुसार बँकेने एखादे कर्जखाते 'फसवणूक' म्हणून वर्गीकृत केले की, ती माहिती रिझर्व्ह बँकेकडे जाई, तपासयंत्रणांकडे तक्रार होई आणि त्या कर्जदारास पाच वर्षे संस्थात्मक कर्जाची दारे बंद होत. हे वर्गीकरण करण्यापूर्वी कर्जदाराचे म्हणणे ऐकण्याची तरतूद त्यात नव्हती. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव दूर केली आणि वर्गीकरणापूर्वी कर्जदारास बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असे सांगितले. प्राथमिक माहिती अहवाल नोंदविण्यापूर्वी मात्र अशी सुनावणी आवश्यक नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे तपासाचे हात बांधले नाहीत. जुलै २०२४ च्या सुधारित निर्देशांत रिझर्व्ह बँकेने कारणे दाखवा नोटीस आणि उत्तरासाठी किमान एकवीस दिवस, अशी व्यवस्था केली. सात-आठ वर्षे जे शिक्के सुनावणीविना बसले, त्यांतील खरे चोर किती आणि मंदीत सापडलेले कारखानदार किती, हे त्यांच्या फायलींवरून आता वेगळे काढणे कठीण आहे. शिवाय जे खरेच चोर होते, त्यांच्याही हाती 'आम्हाला ऐकलेच नाही' हे आयते शस्त्र आले. प्रक्रियेतील ढिलाई अपराध्यालाच अधिक लाभते ती अशी.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. संशय वेगाने प्रवास करतो, निर्दोषत्व मात्र जागच्या जागी राहते. परकीय चलनासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये सांगितले की, न्यायनिर्णयाच्या कार्यवाहीत आरोप गुणवत्तेवर फेटाळला गेला असेल आणि व्यक्ती निर्दोष ठरली असेल, तर त्याच तथ्यांवर फौजदारी खटला चालू ठेवणे उचित नाही. तत्त्व उत्तम, परंतु नियामकाने निर्दोष ठरविल्याचा आदेश त्याच वाटेने, त्याच यंत्रणांकडे आपोआप पाठविण्याची सार्वत्रिक सक्ती कोठेही नाही. मग तो उद्योजक एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात आदेशाच्या प्रती घेऊन हिंडत राहतो. त्याचे कर्ज अडते, निविदा नाकारली जाते, कामगारांचे पगार थकतात.

खासगी माहिती ही सरकारची मालमत्ता नव्हे

बँकेकडे दिलेली माहिती ही सर्वांसाठी खुली झाली, असे मानण्याची प्रवृत्ती नोकरशाहीत जुनी आहे. आंध्र प्रदेशाने मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून जिल्हाधिकाऱ्याला असा अधिकार दिला होता की, त्याने नेमलेल्या कोणाही व्यक्तीने बँकेत जाऊन कागदपत्रे तपासावीत आणि जप्त करावीत. कॅनरा बँकेच्या प्रकरणात नोव्हेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद रद्दबातल ठरविली. खासगीपणाचा हक्क जागेचा नसून व्यक्तीचा आहे, म्हणून कागद बँकेच्या कपाटात गेला तरी ग्राहकाचा हक्क संपत नाही. सबळ कारणाची नोंद आणि अधिकाराची मर्यादा याविना अशी झडती चालणार नाही, हा त्याचा गाभा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये याविरुद्ध मत दिले होते. भारतीय न्यायालयाने ते स्वीकारले नाही, हे आवर्जून लक्षात ठेवावे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान देऊन या विचारावर शिक्कामोर्तब केले.

कायद्यातील तरतुदींचा प्रवास मात्र उलट दिशेने झालेला दिसतो. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात करदात्याची माहिती उघड करणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरे. १९६१ च्या कायद्यातही गोपनीयतेचे कलम होते. ते १९६४ मध्ये वगळण्यात आले. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा गुन्ह्यांचा प्रतिबंध, शोध व तपास यांसाठीच्या वापराला बहुतांश बंधनांतून सूट देतो. शिवाय तो व्यक्तींच्या माहितीपुरता आहे, कंपनीच्या व्यापारी गुपितांना त्याचे छत्र नाही. जुलै २०२३ मध्ये जीएसटीएनचे नाव यादीत येताच व्यापाऱ्यांत खळबळ माजली ती याच पार्श्वभूमीवर. ही तरतूद जीएसटीएनला ईडीकडून माहिती मिळावी यासाठी आहे, करदात्यांची माहिती ईडीला देण्यासाठी नव्हे, असा खुलासा सरकारतर्फे करण्यात आला. तो स्वागतार्ह होता. परंतु व्यापाऱ्याचा विश्वास पत्रकार परिषदेतील खुलाशावर नव्हे, अधिसूचनेच्या शब्दांवर अवलंबून असतो. जीएसटी कायद्यातच याचे चांगले उदाहरण आहे. २०२३ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १५८अ नुसार करदात्याने भरलेली माहिती अन्य संगणकीय प्रणालींना देण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी लागते. जेथे कायदेमंडळाने मनावर घेतले तेथे मर्यादा लिहिता आली.

पुराव्याची कसोटी

न्यायालयात माहितीला नव्हे, पुराव्याला किंमत असते. जालना येथील निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले जात नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने त्या प्रमाणपत्रात नोंदीचे 'हॅश मूल्य', म्हणजे तिची अंकीय बोटखूण, देणेही समाविष्ट केले. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर, तेथून पेन ड्राइव्हवर आणि मग ई-मेलने फिरलेली नोंद मूळ नोंदच आहे, हे पाच वर्षांनी सिद्ध कसे करणार? पहिल्या हस्तांतराच्या वेळी ही बोटखूण घेतली नसेल, तर कसलेला बचाव पक्षाचा वकील तेवढ्या एका फटीतून कोट्यवधींचा घोटाळा निसटवू शकतो.

यावर असे म्हटले जाते की, भारतीय कायद्यात बेकायदा मार्गाने मिळालेला पुरावाही ग्राह्य असतो. १९७३ च्या घटनापीठाच्या निर्णयाने तसे म्हटले आहे हे खरे. तथापि खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यानंतर वारे बदलले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणात सीबीआयने केलेल्या दूरध्वनी-श्रवणाचे तीन आदेश कायद्याच्या कसोटीस न उतरल्यामुळे रद्द केले आणि त्यातून मिळालेली ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. जुन्या निर्णयाच्या भरवशावर आजचा तपास उभा करणे हे वाळूवर भिंत बांधण्यासारखे आहे.

परदेशांतून येणाऱ्या माहितीची गोष्ट अधिकच नाजूक आहे. लिख्टेनस्टाइनमधील बँकेत खाती असणाऱ्यांची नावे जर्मनीकडून भारताला मिळाली, तेव्हा ती उघड करण्यावरून राम जेठमलानी व इतरांच्या याचिकेवर वाद झाला. ४ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करारातील गोपनीयतेच्या आडून सारेच झाकून ठेवण्याचा तत्कालीन सरकारचा पवित्रा अमान्य केला. त्याच वेळी, ज्यांच्याविरुद्ध गैरकृत्य प्रथमदर्शनीही दिसलेले नाही, त्यांच्या खात्यांचा तपशील जगजाहीर करण्यासही न्यायालयाने नकार दिला. हा समतोल मोलाचा आहे. करासाठी मिळालेली माहिती अन्य गुन्ह्याच्या तपासासाठी वापरावयाची तर देणाऱ्या देशाची अनुमती घ्यावी लागते, असे आंतरराष्ट्रीय करारांचे आजचे सूत्र आहे. ते एकदा मोडले तर पुढची यादी येणारच नाही आणि त्यात लाभ काळ्या पैसेवाल्यांचाच होईल.

वेग आणि मर्यादा

दहशतवादाला पैसा पुरविणाऱ्यांच्या मागावर असताना कागद रंगवीत बसावे काय, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर आपल्याच अनुभवात आहे. स्ट्रासबर्गच्या त्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी-श्रवणासंबंधी निकाल दिला. आदेश कोणी द्यावा, तो किती काळ टिकावा, पुनर्विलोकन समितीने तो केव्हा तपासावा, हे सारे ठरवून दिले. निकडीच्या प्रसंगासाठी नियमांत वेगळी सोय ठेवली गेली. त्यामुळे देशाची सुरक्षा दुबळी झाली, असे कोणी म्हणू शकणार नाही. निकडीच्या वेळी माहिती तत्काळ द्यावी आणि नोंद ठरावीक तासांत पूर्ण करावी, एवढे येथेही सहज शक्य आहे.

अधिकार आज सज्जनांच्या हाती आहेत म्हणून ते अमर्याद असावेत, हा विचार तर त्याहून घातक. आणीबाणीच्या तोंडावर, १९७५ मध्ये, मारुती उद्योगाविषयी संसदेत विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी माहिती गोळा करणाऱ्या चार अधिकाऱ्यांच्या मागे सीबीआय लावण्यात आली होती. शाह आयोगाने ते प्रकरण नोंदवून ठेवले आहे. उद्योगाची माहिती आणि पोलिसी बळ यांच्यातील वाट बेवारस असली की, सत्ताधाऱ्याची इच्छा तीवरून कशी चालत येते, याचा तो पुरावाच होय. राज्यकर्ते बदलतात, फायली राहतात.

म्हणून संसदेने या विखुरलेल्या कलमांवर एकच समान आचारसंहिता घालून द्यावी. माहितीचे प्रत्येक हस्तांतर लेखी असावे. त्यावर देणाऱ्या व घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, कायद्याचे कलम, कारण आणि तारीख असावी, आणि पहिल्याच टप्प्यावर अंकीय बोटखूण घेतलेली असावी. ज्या कामासाठी माहिती दिली त्याखेरीज अन्य कामासाठी वापरावयाची असेल तर नवी अनुमती घ्यावी. नियामकापुढे सक्तीने दिलेले तोंडी उत्तर, खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याखेरीज, त्याच व्यक्तीविरुद्ध फौजदारी खटल्यात मुख्य पुरावा म्हणून वापरू नये. कागदपत्रांना ही आडकाठी नसावी. नियामकाने निर्दोष ठरविल्यास तो आदेश तीस दिवसांत, ज्या ज्या यंत्रणेकडे संशय गेला होता त्या त्या यंत्रणेकडे जावा. तपासाला बाधा येण्याची भीती संपताच संबंधित व्यक्तीला आपली माहिती कोठे गेली हे कळावे. किती माहिती दिली गेली, तीतून किती खटले उभे राहिले आणि किती सिद्ध झाले, याचा वार्षिक गोषवारा संसदेपुढे यावा.

यांतील एकही गोष्ट प्रामाणिक तपास अधिकाऱ्याला अडविणारी नाही. पाच वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्याला हीच नोंद वाचवील. व्यापारी संघटना, सनदी लेखापाल, सहकारी बँकांचे संचालक आणि ठेवीदारांचे मंच यांनी आपापल्या खासदारांकडे ही मागणी धरली पाहिजे. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या ठेवीदारांना जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेतील विलीनीकरणापर्यंत वाट पाहावी लागली आणि मोठ्या ठेवीदारांची वाट त्यापुढेही अनेक वर्षे लांबली. त्यांचा पैसा बुडविणाऱ्यांना शिक्षा व्हावी आणि शेजारच्या प्रामाणिक कारखानदाराला रात्री शांत झोप लागावी, या दोन्ही गोष्टी एकाच नोंदवहीतून साधणाऱ्या आहेत. ती वही उघडण्याचे काम आता संसदेचे आहे.